बकरीचा ब हरवला तेव्हा

माझी नात अडीच वर्षांची आहे. गेल्या महिन्यात तिच्या प्लेग्रुपच्या डायरीत दोन ओळी आल्या: ‘उच्चार अशुद्ध आहेत. घरी रोज क गिरवून घ्यावा.’ सोबत ठिपक्याठिपक्यांच्या क चं एक पान, चार ओळींचं. सूनबाई धास्तावली. शेजारीपाजारीही सगळ्यांचं एकमत झालं, की गाणीगोष्टी पुरे झाल्या, आता पेन्सिल धरायला लावा, नाहीतर पोरगी मागं पडेल. गाण्यानं का कधी अक्षर आलंय?

माझं म्हणणं असं, की येतं, आणि मराठीत तर गाण्यानंच नीट येतं. पण आधी त्या पेन्सिलीचा निकाल लावू.

माणसाच्या मनगटात 8 छोटी हाडं असतात. अडीच वर्षांच्या लेकराच्या मनगटात त्यातली बहुतेक अजून हाडं झालेलीच नसतात, नुसती कूर्चा असते. त्या हाताकडून चार ओळी क गिरवून घेणं म्हणजे चार पानांच्या पराटीला बोंडं का नाहीत म्हणून जाब विचारणं. 2022 चा पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडासुद्धा 3 वर्षांपर्यंतचं मूल घरचंच धरतो आणि पुढंही भर देतो तो खेळ, गाणी, गोष्टींवर. तेव्हा ‘वरूनच तसं आहे हो’ ही सबबही चालायची नाही.

आणि सुरुवात क पासूनच का? आपली वर्णमाला मोठी शहाणी. घशातून निघते आणि टाळू, मूर्धा, दात असं करत ओठांवर येते. लेकरू मात्र उलट्या बाजूनं येतं. त्याचा पहिला मुक्काम ओठांवर: मामा, बाबा, पापा. घशातला क पुष्कळांना लवकर जमत नाही, मग काऊचा ताऊ होतो. आमच्याकडं झालेलाच आहे. एकदा गमतीनं मीही म्हटलं, ‘तो बघ ताऊ.’ तिनं माझ्याकडं अशी नजर टाकली, की म्हाताऱ्याला एवढंही येत नाही! ‘ताऊ नाई, ताऊ!’ बर्को आणि ब्राउन या अमेरिकी अभ्यासकांनी 1960 साली नेमकं हेच नोंदवलं होतं. माशाला स्वतः ‘फिस’ म्हणणारं एक पोर मोठ्यांच्या तोंडचं ‘फिस’ चालवून घेईना. म्हणजे कानात अक्षर केव्हाच उतरलेलं असतं, अडलेलं असतं ते जिभेवर. आणि आपण राबवतो बोटांना.

दुसरा पंथ फोनिक्सवाल्यांचा, म्हणजे अक्षराच्या नावाआधी त्याचा आवाज शिकवणाऱ्यांचा. इंग्रजीत 26 अक्षरं आणि ध्वनी 44च्या आसपास. ‘डब्ल्यू’ या नावात त्याचा आवाज शोधून सापडत नाही. इंग्रजीला ते औषध लागतं. आपल्याकडं अक्षराचं नाव हाच त्याचा आवाज. आपली दुखणी निराळी आहेत. चुलीचा च आणि चिमणीचा च एक नाही, तक्त्यावर मात्र एकच. ऋषीचा ऋ आपण सगळे रु म्हणतो, तरी अडीच वर्षांच्या पोरापुढं दाढीवाला ऋषी टांगलेला असतोच.

याहून मोठी एक अडचण आहे आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. ‘सरकी’ लिहिताना अक्षरं तीन, बोलताना आपण म्हणतो सर्-की, दोनच घास. मधल्या र चा अ गिळून टाकतो. लिहायला शिकणारं पोर इथंच अडखळतं. आता तोच शब्द ठेक्यात गाऊन पाहा. गिळलेला अ परत येतो: स-र-की, तीन टाळ्या. जात्यावरची ओवी असो, पाळणा असो की भजन, अक्षराअक्षराला आपापली जागा मिळते. शेगावच्या वाटेवर टाळ कुटत चालणारी पोरं शब्द फोडायला शिकत असतात, फक्त त्याला कोणी अभ्यास म्हणत नाही.

पण आमच्या बाजूच्या लोकांशीही माझं भांडण आहे. मोबाईलवर गाणी लावून दिली की अक्षरओळख झाली, असं समजणारे घरोघरी आहेत. पाठ झालेलं गाणं नुसतं वाहून जातं. ते मधेच थांबवावं लागतं, मोडावं लागतं, त्यातला एखादा आवाज उचलून लेकराच्या हातात द्यावा लागतो. ऑक्सफर्डचे ब्रायंट आणि ब्रॅडली यांना 1980च्या दशकात दिसलं, की तिसऱ्या-चौथ्या वर्षी बडबडगीतं चांगली येणारी मुलं पुढं वाचनात सरस निघाली, घरची परिस्थिती आणि बुद्धी हिशेबात धरूनही. पण दुवा होता तो आवाजांतला सारखेपणा ओळखण्याचा. मुलं इंग्रजी होती, तेव्हा ते आकडे आपल्याला जसेच्या तसे लावू नयेत. दुवा मात्र घ्यावा.

आमच्या आईला ब्रायंट ठाऊक नाही. ती तुरीची डाळ निवडत बसते, नात तिच्या सुपात बोटं घालते, आणि गोष्ट चालू होते. बकरी नदीवर गेली, पाणी पिता पिता तिचा ब पाण्यात पडला. आता तिला हाक कशी मारायची? ‘करी, ए करी!’ माकडाला दया आली, त्यानं आपला मा दिला. ‘माकरी!’ सशानं स दिला. ‘सकरी!’ एवढं होईस्तोवर नात सुपावर थापा मारत उठलेली असते: ‘नाई वं, बतरी! ब!’ शब्दातून पहिलं अक्षर काढलं, दुसरं बसवलं, चूक पकडली, हरवलेलं परत आणलं. पुस्तकात याला मोठं नाव मिळेल. इथं डाळ तेवढी सांडते.

‘अशुद्ध’चं उत्तर राहिलं. डायरीतली अशुद्धी म्हणजे ‘डोया’ आणि ‘पानी’. आमच्या वऱ्हाडात घाटाखालच्या पुष्कळ घरांत ळ चा य होतो, ण चा न होतो. शाळेची शाया होते. हा जिभेचा रोग नव्हे, वऱ्हाडीची रीत आहे. रीतच, म्हणून तर डोळा, काळा, फळ सगळीकडं तोच बदल. लेकराला दर वेळी टोकलं तर ते ळ शिकत नाही, गप्प बसायला शिकतं. त्यापेक्षा एकाच गोष्टीत पणजीचा डोया येऊ द्या आणि पुस्तकातला डोळाही. कान दोन्ही सांभाळतो.

आणि जळगाव जामोद तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, निहाली बोलणारी घरं आहेत. जेमतेम दोन-अडीच हजार माणसांची ही भाषा कोणत्याच भाषाकुळात धड बसत नाही; कॉयपर या डच पंडितानं 1962 साली तिच्यावर पुस्तक लिहिलं. तिथल्या पोराला पहिला आवाज मराठी गाण्यातून कशाला हवा? ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला बालवाडी काढली, आणि मुलं येत नाहीत असं दिसल्यावर ती उचलून त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथून आला. अंगणात जायचं तर अंगणातली बोलीही घ्यावी लागते, तिथली एखादी म्हातारी मुलांत आणून बसवावी लागते.

ते ठिपक्यांचं पान आम्ही कोरंच परत पाठवलं. डायरीत मी लिहिलं: ‘तिला अजून क म्हणता येत नाही. आम्ही चुकीचा म्हटला तर मात्र ती रागावते.’