एका तासात मुंबई, पण कुणाची?

मंडळी, परवा गावच्या ग्रुपवर कुणीतरी फोटो टाकला. सोलापूर विमानतळ, खाली झळकतंय "मुंबई आता फक्त एका तासात!" लगेच पन्नास अंगठे आणि वरून एक मागणी, धाराशिवलाही विमान पाहिजे.

विमानाला माझा विरोध नाही. पण हा एक तास धावपट्टी ते धावपट्टी आहे. सोलापूर ते मुंबई सरळ रेषेत साधारण 360 किलोमीटर, त्यामुळे तेवढा वेळ बरोबरच आहे. आपण मात्र धावपट्टीवर राहत नाही, सोनारीत राहतो.

नकाशा काढा. सोलापूरपेक्षा सोनारीच मुंबईला जवळ! मुंबई मावळतीला आणि विमान गाठायला आपण शंभरच्या वर किलोमीटर उलटं जायचं. सोनारी, परंडा, बार्शी, सोलापूर. एसटी बदलत गेलं की चार तास धरा. दोन तास आधी विमानतळावर हजर, तास हवेत, मग बॅगेची वाट. झाले पावणेआठ तास, आणि अजून तुम्ही विमानतळाच्या दारातच. त्यापेक्षा कुर्डुवाडीहून वंदे भारत सहा तासांच्या आत थेट सीएसएमटीला सोडते.

मागच्या हिवाळ्यात आईला मुंबईला दाखवायला न्यायचं होतं, तेव्हा हेच गणित मांडलं आणि रेल्वेनं गेलो. गाडी सकाळी सातच्या सुमाराची. त्यासाठी पहाटे साडेचारला जीप सांगितली, पंधराशे रुपये. रस्त्यानं आदळत जाताना आई दर खड्ड्याला पोट धरायची. पुढं रेल्वेत मात्र शांत झोपली. आमचा खरा प्रवास म्हणजे तो पहिला दीड तास होता, आणि त्याची जाहिरात कुणी करत नाही.

आता पैशाचं बोलू. सोलापूर-मुंबई विमानासाठी 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दर आसनामागे 3,240 रुपये द्यायचं ठरवलं. वर्षाला 17 कोटी 97 लाख. जाऊन-येऊन रोज 76 आसनं धरली की दिवसाला 4 लाख 92 हजार. त्या एका दिवसाच्या पैशात माझ्यासारख्यांच्या सव्वातीनशे जिपा होतात. जवळजवळ वर्षभर, रोज पहाटे एक.

राहिली धाराशिवच्या विमानाची मागणी. अहो, धावपट्टी आहे की! 2009 मध्ये लातूर, नांदेड, बारामती, यवतमाळबरोबर तीही खासगी कंपनीला भाड्याने दिली होती. सोळा वर्षं उलटली, प्रवासी विमान आलं का? लातूर आणि धाराशिवच्या धावपट्ट्यांत हवाई अंतर पन्नास किलोमीटरसुद्धा नाही. भैरवनाथाच्या देवळावरचं माकड या शिखरावरून त्या झाडावर जातं, तेवढाच तो प्रवास. अशा धावपट्ट्या जिल्ह्या-जिल्ह्यात पसरल्या म्हणून परंडा तालुक्यातला माणूस लवकर पोचतो असं थोडंच आहे?

म्हणून पुढाऱ्यांना एवढंच विचारा: सोनारी-परंडा-कुर्डुवाडी रस्ता नीट कधी होणार? पहाटेच्या रेल्वेला जोडून परंड्याहून एसटी कधी? आणि विमानच दाखवायचं असेल तर बार्शीहून विमानाच्या वेळेला थेट बस द्या. चैत्रात यात्रेला सगळे येतातच. तेव्हा मंडपात हे विचारायला मी उभा राहणार आहे, कोण कोण सोबत येतंय ते खाली लिहा.