उकळल्याने क्षार जात नाहीत

पावसाळा आला की ‘पाणी उकळून प्या’ हा आम्हा डॉक्टरांचा ठरलेला सल्ला असतो. जंतूंसाठी तो योग्यच आहे. पण अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात किंवा यवतमाळ, चंद्रपूरच्या फ्लोराइडग्रस्त गावांत तो अपुरा पडतो. उकळल्याने जंतू मरतात, क्षार मात्र तसेच राहतात. पाणी आटले की त्यांचे प्रमाण उलट वाढते. भारतीय मानकानुसार फ्लोराइड लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर असता कामा नये. त्याहून जास्त फ्लोराइड वर्षानुवर्षे पोटात गेले तर मुलांचे दात डागाळतात, पुढे सांधे आखडतात. आखडलेली हाडे औषधाने पूर्ववत होत नाहीत.

उन्हाने पाण्याची वाफ करायची आणि ती थंड करून गोळा करायची, हा यावरचा जुना उपाय. चिलीतील लास सालिनास येथे १८७२ मध्येच असा प्रकल्प उभा राहिला होता. पण काचेच्या साध्या पेटीतून दिवसाला चौरस मीटरमागे जेमतेम तीन-चार लिटर पाणी मिळते.

इथे हायड्रोजेल कामी येते. बाळाच्या डायपरमध्ये ओल धरून ठेवणारा पदार्थ याच जातीचा. त्यात ऊन शोषणारे काळे द्रव्य मिसळले की उष्णता साऱ्या पाण्यात न विखुरता पृष्ठभागावरच राहते. शिवाय जेलच्या जाळीतील पाण्याची वाफ कमी ऊर्जेत होते, असे संशोधक सांगतात. ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठाच्या गटाने २०१८ मध्ये नैसर्गिक उन्हात, एक चौरस मीटर जेलमागे दिवसाला १८ ते २३ लिटर पाण्याची नोंद केली. एका कुटुंबाच्या पिण्या-स्वयंपाकाची गरज त्यात भागू शकते.

मात्र हा हिशेब जेलच्या क्षेत्रफळाचा आहे, पूर्ण यंत्राचा नाही. वाफ थंड करणारी काच, साचणारे क्षार, ढगाळ दिवस आणि जेलचे आयुष्य यांचा हिशेब गावातच मांडावा लागेल. त्यासाठी खारपाणपट्ट्याइतकी योग्य प्रयोगशाळा दुसरी कोणती?

तोवर थांबायचे कारण नाही. प्रत्येक विहीर आणि हातपंपाची फ्लोराइड तपासणी व्हावी, दूषित स्रोतावर ठळक खूण असावी, बंद पडलेली शुद्धीकरण यंत्रे दुरुस्त व्हावीत. नवे जेल येईल तेव्हा येईल. मुलांचे पक्के दात मात्र आजच घडत आहेत.