अडीच हेक्टरांचे औदार्य!

२०२१ साली महाराष्ट्र सरकारने दोडामार्ग तालुक्यातील बांबर्डे येथील रानजायफळांची दलदल जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. क्षेत्र किती? २.५९ हेक्टर! गावकऱ्यांनी देवराई म्हणून पिढ्यान्‌पिढ्या राखलेल्या जमिनीवर शिक्का उठवला आणि सरकार कृतकृत्य झाले. त्या राईत झिरपणारे पाणी ज्या डोंगरउतारांवरून येते, ते उतार कोणी राखायचे? देवाने?

ते न राखल्यास काय होते, हे केरळात जाऊन पाहा म्हणावे. तिथे घाटाच्या पायथ्याला अशाच दलदलीत राहणाऱ्या एका झाडबेडकाची २०१३ साली शास्त्रात पहिली नोंद झाली. नाव मर्क्युराना, आमच्या पाचगणीच्या शाळेत शिकलेल्या गायक फ्रेडी मर्क्युरीवरून ठेवलेले. हा बेडूक-गायक पावसाळ्याच्या तोंडावर खालच्या फांद्यांवरून मादीला साद घालतो. मादी खाली उतरते आणि दलदलीच्या ओल्या मातीत अंडी घालते. सारा संसार त्या ओलीच्या भरवशावर! वर डोंगरात पाट फिरवला, खाली ओहोळाला चर मारला, की झाडे जागच्या जागी उभी असूनही बेडकाची वीण बुडाली. पंचनामा करायला प्रेतही मिळत नाही. मुळे गुडघ्यासारखी चिखलाबाहेर काढून श्वास घेणाऱ्या रानजायफळांच्या दलदली केरळने भातखाचरांत, सुपारीत आणि रबरात घातल्या. आज उरल्या आहेत त्या चिंध्या.

हा बेडूक आपल्याकडे नाही. पण रबर आले आहे! केरळातून आलेले मळेवाले दोडामार्गात डोंगरच्या डोंगर भादरत असताना महसूल खाते काय करत होते? वनखाते कुठे होते? २०१३ साली मुंबई उच्च न्यायालयाने या तालुक्यातील वृक्षतोडीस मनाई केली. त्यानंतरही कुऱ्हाड चालू राहते, याला ढिलाई म्हणणे म्हणजे गुन्हेगाराला आळशी म्हणून सोडून देणे होय. ही संगनमताची तोड आहे.

आणि दिल्ली? पश्चिम घाटाच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्रासाठी २०१४ ते २०२४ या काळात तिने सहा मसुदे काढले. मसुद्याची मुदत संपते, नवा मसुदा निघतो, हरकती मागवल्या जातात, आणि दरम्यान डोंगर कापून होतो. माधव गाडगीळांच्या समितीने २०११ सालीच सगळे लिहून दिले होते. ते गैरसोयीचे वाटले म्हणून दुसरी समिती नेमली. तिचे सौम्य म्हणणेही पचेना!

तेव्हा बांबर्ड्याच्या वारशाच्या गप्पा बंद करा. राईला पाणी पुरवणारे सगळे उतार नकाशावर आखा, सातबारे उघडा, आणि २०१३ नंतर त्यांवर पडलेल्या प्रत्येक झाडाला परवानगी कोणी दिली, त्या अधिकाऱ्याचे नाव जाहीर करा.