विश्लेषण : विक्रमी रस्ता की शेजारची कपाशी? ‘अ‍ॅजाइल’ नेमके कशाला म्हणायचे?

अमरावती-अकोला महामार्गाने २०२२ मध्ये वेगाचा जागतिक विक्रम केला. पण आयटी कंपन्यांतून आता शाळा, कार्यालये आणि घरांपर्यंत पोहोचलेल्या ‘अ‍ॅजाइल’ या शब्दाचा अर्थ वेग असा नाही. तो समजून घ्यायचा तर याच रस्त्याच्या कडेच्या शेतात डोकवावे लागेल.

विक्रम काय होता?

बरीच वर्षे रखडलेल्या राष्ट्रीय महामार्ग ५३ च्या अमरावती-अकोला टप्प्यावर ३ जून २०२२ रोजी सकाळी ७ वाजून २७ मिनिटांनी डांबरीकरण सुरू झाले आणि ७ जूनला सायंकाळी ५ वाजता थांबले. १०५ तास ३३ मिनिटांत एका मार्गिकेचा सलग ७५ किलोमीटर रस्ता झाला. दुपदरी रस्त्याच्या हिशेबाने ही लांबी ३७.५ किलोमीटर भरते. ७२० जण रात्रंदिवस राबले. ३६ हजार ६३४ टन डांबरमिश्रण लागले. गिनेस बुकात नोंद झाली आणि कतारमधील २५.२७५ किलोमीटरचा आधीचा विक्रम मोडला.

मग हे काम ‘अ‍ॅजाइल’ होते का?

नाही, आणि ते तसे नव्हते हेच बरे. रस्त्याचा आराखडा, थराची जाडी, मिश्रणाचे प्रमाण, यंत्रे, पाळ्या हे सगळे आधीच पक्के होते. गरम मिश्रण थंड होण्याआधी पसरून दाबावेच लागते. तिथे ‘आधी सुरू करू, मग बघू’ म्हणून चालत नाही. काय करायचे आणि कसे करायचे हे दोन्ही ठाऊक असेल, तर पक्के नियोजन आणि त्याची काटेकोर अंमलबजावणी हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो.

‘अ‍ॅजाइल’ची कल्पना कुठून आली?

फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात स्नोबर्ड येथे १७ सॉफ्टवेअर तज्ज्ञ जमले. दोन-दोन वर्षे खपून बनवलेले सॉफ्टवेअर हाती येईपर्यंत ग्राहकाची गरजच बदललेली असते, हे त्यांचे दुखणे होते. त्यांनी चार मूल्ये आणि १२ तत्त्वांचा छोटा जाहीरनामा लिहिला. साधनांपेक्षा माणसे, जाडजूड कागदपत्रांपेक्षा चालणारी वस्तू, करारातील घासाघिशीपेक्षा ग्राहकाची साथ आणि ठरलेल्या योजनेला चिकटून राहण्यापेक्षा बदलाला प्रतिसाद, अशी ही मूल्ये. योजना नकोच, असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. काम लहान तुकड्यांत करा, प्रत्येक तुकड्यानंतर पाहा, शिका आणि पुढचे पाऊल बदला, एवढाच त्याचा गाभा.

वऱ्हाडातल्या शेतीशी याचा संबंध काय?

पाऊस कधी येईल, कीड कधी पडेल हे पेरणीच्या दिवशी कोणालाच ठाऊक नसते. म्हणून इथे तुकड्या-तुकड्याने पाहणे अटळ आहे.

घरचे सोयाबीन बियाणे वापरण्याआधी ओल्या गोणपाटावर शंभर दाणे ठेवून उगवण तपासतात. सत्तर किंवा अधिक उगवले तर शिफारशीइतके बियाणे पुरते. कमी उगवले तर प्रमाण वाढवायचे किंवा बियाणेच बदलायचे. आठवडाभराची ही तपासणी अख्खे शेत पणाला लागण्याआधी चूक दाखवून देते. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, या कृषी विभागाच्या सल्ल्यामागेही हाच विचार आहे. पहिल्या सरीवर भाळून पेरले आणि पावसाने दडी मारली, की दुबार पेरणी कपाळी येते.

कपाशीवरील गुलाबी बोंडअळीचे उदाहरण आणखी बोलके आहे. पेरणीनंतर साधारण दीड महिन्याने पाहणीसाठी एकरी दोन कामगंध सापळे लावायचे. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ किंवा अधिक पतंग अडकले, अथवा फोडलेल्या २० हिरव्या बोंडांपैकी दोनांत अळी निघाली, तर उपाय करायचा. शेजाऱ्याने पंप काढला म्हणून आपणही काढायचा नाही. २०१७ च्या हंगामात विदर्भात बोंडअळीने थैमान घातले. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजुरांचे जीव गेले. त्यामागे अनेक कारणे होती. पण टाळता येणारी प्रत्येक फवारणी म्हणजे वाचलेला पैसा आणि कमी झालेली जोखीम, हे मात्र नक्की.

शेतीशाळेत काय घडते?

१९८९ मध्ये इंडोनेशियात भातावरील किडींच्या प्रश्नातून शेतीशाळेची पद्धत आकाराला आली. अकोला, अमरावतीचा समावेश असलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातही, म्हणजे ‘पोकरा’तही, ती राबवली गेली. हंगामात ठरावीक दिवसांनी शेतकरी एकाच शेतात जमतात, झाडे पाहतात, किडी आणि मित्रकीटक मोजतात, चर्चा करतात आणि पुढच्या काही दिवसांत काय करायचे ते ठरवतात. पुण्यातल्या आयटी कंपनीत यालाच ‘स्प्रिंट रिव्ह्यू’ म्हणतात. फरक इतकाच, की इथे फळ्याऐवजी पऱ्हाटी समोर असते.

मर्यादा कोणत्या?

सॉफ्टवेअरमधली चूक दुसऱ्या दिवशी दुरुस्त करता येते. पेरणी मात्र मागे घेता येत नाही. कंपनीत प्रयोग फसला तरी महिन्याचा पगार होतो. इथे दुबार पेरणीची थैली शेतकऱ्याच्याच खिशातून येते. त्यामुळे ‘बदलाला सामोरे जा’ हा उपदेश करणाऱ्याने बदलाची किंमत कोण मोजणार, हेही सांगायला हवे. बाजारभाव पडले किंवा पीकविमा वेळेत मिळाला नाही, तर कितीही चांगला सापळा ते नुकसान भरून काढत नाही. तो धोरणाचा प्रश्न आहे. तो शेतकऱ्याच्या ‘माइंडसेट’वर ढकलणे अन्याय ठरेल.

कार्यालयांतही हीच गफलत होते. रोजची १५ मिनिटांची बैठक अडचण सांगण्यासाठी असते. ती हजेरी आणि झाडाझडतीची जागा झाली, की माणसे अडचण लपवू लागतात. मग नाव ‘अ‍ॅजाइल’ राहते आणि काम जुन्याच धाकावर चालते.

घरात, अभ्यासात काय करावे?

आधी काम ओळखावे. लग्नाचा हॉल, परीक्षेचा अर्ज, घराचा पाया ही रस्त्यासारखी कामे. ती तारखा लावून, यादी करून पुरी करावीत. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास, नवा धंदा, घरखर्चाची घडी ही कपाशीसारखी कामे. वर्षभराचे रंगीत वेळापत्रक भिंतीवर चिकटवण्यापेक्षा एका आठवड्याचे ठरवावे, रविवारी एक सराव चाचणी द्यावी आणि चुकलेल्या विषयानुसार पुढचा आठवडा बदलावा. खाणावळ काढायची असेल, तर गाळा भाड्याने घेण्याआधी महिनाभर दहा डबे देऊन पाहावेत. गोणपाटावरचे शंभर दाणे म्हणतात ते हेच.

मोठा खर्च करण्याआधी छोटी तपासणी, ठरावीक दिवसांनी प्रामाणिक पाहणी आणि दिसले तसे पाऊल बदलण्याची तयारी, या तीन गोष्टींना ना सॉफ्टवेअर लागते ना प्रमाणपत्र. विक्रमी रस्त्याचे कौतुक जरूर व्हावे. पण ज्याच्या कामात उद्याचा भरवसा नाही, त्याने धडा घ्यायचा तो रस्त्याकडेच्या सापळ्यातले पतंग मोजणाऱ्याकडून.