खोक्यावरचे वॅट

होम थिएटरचा रिसीव्हर घेताना बेताचे पैसे असलेला ग्राहक नेमका खोक्यावरच्या वॅटच्या आकड्याला भुलतो. यामाहाच्या आरएक्स-व्ही३८५ या पाच चॅनेलांच्या साध्या मॉडेलचेच पाहा. एकच चॅनेल चालवून, एकाच कंपनसंख्येवर, १० टक्के विकृती चालवून घेतली तर त्याची ताकद १३५ वॅट भरते. दोन चॅनेल एकदम चालवून, २० हर्ट्झपासून २० किलोहर्ट्झपर्यंत, विकृती नगण्य ठेवून मोजली की ती ७० वॅट होते. ६ ओहमच्या स्पीकरवरचे हे दोन्ही आकडे खरे आहेत आणि कंपनी ते माहितीपत्रकात देतेही. पण १० टक्के विकृतीचा आवाज फाटलेला असतो, तो कोणी ऐकत बसत नाही. शिवाय वॅट खरोखर दुप्पट झाले तरी आवाज वाढतो तो जेमतेम ३ डेसिबलने. मग जादा वॅटसाठी जादा हजार का मोजायचे?

ताकद कशी मोजून सांगायची, याचा नियम अमेरिकेत १९७४ पासून आहे आणि २०२४ मध्ये तो आणखी कडक झाला. आपल्याकडच्या ग्राहक संघटनांनीही हा आग्रह धरायला हवा.

टिकाऊपणाचा प्रश्न मुख्यतः उष्णतेचा आहे. आतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर तापमान दहा अंशांनी वाढले की साधारण निम्मेच आयुष्य जगतात. आपल्या घरांत मात्र रिसीव्हर टीव्हीखालच्या बंद कपाटात कोंबला जातो, वर सेट-टॉप बॉक्स ठेवला जातो, आणि एप्रिल-मेमध्ये तो बंद पडला की दोष कंपनीला. वर आणि मागे मोकळी जागा सोडायला पैसे पडत नाहीत.

परदेशातल्या नातेवाइकाकडून स्वस्तात मागवण्याचा मोहही आवरावा. अमेरिकेत विकला जाणारा सेट बहुधा १२० व्होल्टचाच असतो. आपल्या २३० व्होल्टवर तो थेट लावला तर जळतो, ट्रान्सफॉर्मर जोडला तरी इथे वॉरंटी बहुधा मिळत नाही. आणि या यंत्रात रुसणारा भाग बऱ्याचदा एचडीएमआयचा बोर्ड असतो, जो कोपऱ्यावरच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे मिळत नाही.

मध्यम आकाराच्या हॉलला पाच चॅनेल पुरतात. छताकडून येणाऱ्या आवाजासाठी सात-नऊ चॅनेलांचा सेट घ्यायचा आणि स्पीकरला पैसे उरू द्यायचे नाहीत, हा व्यवहार तोट्याचा आहे, कारण आवाजातला खरा फरक स्पीकर करतात. तेव्हा अधिकृत विक्रेत्याकडचे मागच्या वर्षीचे पाच चॅनेलांचे मॉडेल पक्क्या बिलावर घ्या. त्याआधी त्या कंपनीचे सेवा केंद्र आपल्या शहरात आहे का, हे स्वतः फोन करून विचारा. नसेल, तर दुसरी कंपनी पाहा.