‘मास्टर्स’च्या नावानं चांगभलं!

शिक्षणाच्या नावाने पोराला देशाबाहेर काढायचे आणि विमान उडाले की शिक्षणाचे नावही काढायचे नाही, असा एक धंदा पुण्याच्या फर्ग्युसन रस्त्यापासून तालुक्याच्या एसटी स्टँडसमोरच्या गाळ्यापर्यंत भरदिवसा, फलक लावून चालू आहे. पावती फाडली जाते ती ब्रिटनमधल्या एका वर्षाच्या ‘एमएससी’ची. गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारले जाते ते तिथले कायमचे बस्तान. ते बस्तान विकणाऱ्याच्या गोदामात नाही, ज्या विद्यापीठाच्या नावाने विकले जाते त्याच्याही गोदामात नाही, आणि ज्या सरकारच्या हाती ते आहे त्याने त्याला केव्हाच कुलूप घातले आहे. जवळ नसलेला माल विकणाऱ्याला मंडईत लोक चोर म्हणतात. इथे त्याला ‘ओव्हरसीज एज्युकेशन कन्सल्टंट’ म्हणतात आणि जाताना बापच त्याला पेढे देऊन जातो!

अशा एखाद्या कचेरीत शिरून तासभर बसा. पोरगा मेकॅनिकलचा, दोन बॅकलॉग काढून पास झालेला. त्याला आवडते काय, येते काय, हे कोणी विचारत नाही. पहिला प्रश्न ‘बजेट किती?’, दुसरा ‘गॅप किती?’ बारावीला इंग्रजीत सत्तर गुण असले की ‘आयईएल्ट्सची गरजच नाही सर’. मेकॅनिकलच्या पोराला ‘इंटरनॅशनल बिझनेस मॅनेजमेंट’ लावून दिले जाते, कारण तिथे जागा सुटल्यात आणि ऑफर लेटर चार दिवसांत येते. एसओपी, म्हणजे ‘हाच कोर्स का’ हे सांगणारा निबंध, कचेरीतच लिहून मिळतो. गेल्या इंटेकच्या मुलाचा तयार असतो, नाव बदलले की झाले. मग बाप घसा खाकरून खरा प्रश्न विचारतो: ‘तिकडं सेटल होईल ना हो?’ समोरची मुलगी हसून सांगते, ‘काका, एक वर्ष कोर्स, दोन वर्षं पोस्ट-स्टडी, मग स्पॉन्सरशिप आणि पाच वर्षांत पीआर. तुम्ही फक्त फीचं बघा.’ बाप सुटकेचा श्वास सोडतो. त्यानंतर पोराला आतल्या खोलीत नेतात. तिथे व्हिसाच्या मुलाखतीची तालीम चालते. ‘कोर्स झाल्यावर काय करणार?’ या प्रश्नाचे उत्तर त्याच्याकडून घोकून घेतात: ‘मी भारतात परत येणार, इथल्या उद्योगात मला उत्तम संधी आहेत.’ एक भिंत मध्ये. अलीकडे बापाला सांगतात पोरगा परत येणार नाही, पलीकडे पोराकडून वदवून घेतात की मी परत येणारच. बावीस वर्षांच्या पोराच्या परदेशी शिक्षणाचा श्रीगणेशा असा पढवलेल्या खोट्याने होतो, आणि त्या खोट्याची फी बाप भरतो.

खात्यावर दाखवायच्या पैशांची तऱ्हा आणखी निराळी. लंडनमध्ये शिकायचे तर महिना 1,529 पौंड या हिशेबाने नऊ महिन्यांचा खर्च, वर उरलेली फी, एवढी रक्कम सलग 28 दिवस खात्यात दिसावी लागते. ती नसली तर ‘फंड लावून देणारा’ माणूस याच कचेरीच्या ओळखीतला. 28 दिवसांपुरता पैसा येतो, व्याज कापून परत जातो, आणि ज्याच्या खात्यात तो झोपून गेला तो पोरगा लंडनच्या विमानतळावर खिशात महिनाभराच्या खोलीभाड्याइतकेही पैसे नसताना उतरतो.

हे सारे मार्गदर्शन ‘मोफत’ असते म्हणे. मोफत कसले? दलाली विद्यापीठाकडून येते, पहिल्या वर्षाच्या फीतून टक्केवारीने. ज्या विद्यापीठाची टक्केवारी जास्त ते विद्यापीठ ‘बेस्ट’. गिऱ्हाईक एक, पगार दुसऱ्याचा. असा सल्लागार प्रामाणिक असेल तर तो स्वभावाने प्रामाणिक, धंद्याने नव्हे. तसे थोडे आहेतही, त्यांनी हा अग्रलेख अंगाला लावून घेऊ नये. बाकीच्यांनी जरूर लावून घ्यावा.

आता त्या ‘पाच वर्षांत पीआर’चा, म्हणजे कायम निवासाच्या परवान्याचा, हिशेब मांडू. पदवीनंतर मिळणारा ‘ग्रॅज्युएट व्हिसा’ दोन वर्षांचा. जो कोणी 1 जानेवारी 2027 पासून पुढे त्यासाठी अर्ज करील त्याला तो दीडच वर्षाचा मिळेल. म्हणजे सप्टेंबर 2026 मध्ये वर्गात बसणाऱ्या प्रत्येक मास्टर्सवाल्याचे सहा महिने आताच कापले गेले आहेत, आणि भिंतीवरच्या पोस्टरवर अजून ‘2 इयर्स’च आहे. शिवाय अभ्यासाचे वर्ष आणि ग्रॅज्युएट व्हिसाची वर्षे त्या पाच वर्षांत मोजलीच जात नाहीत! पाचाची मोजणी सुरू होते ती मालकाने स्पॉन्सर केलेला ‘स्किल्ड वर्कर’ व्हिसा हाती पडल्यावर, आणि त्या पाचाचे दहा करण्याचा घाट ब्रिटिश सरकारने मे 2025 च्या श्वेतपत्रिकेत घातला आहे. त्या व्हिसासाठी जुलै 2025 पासून पगार हवा वर्षाला 41,700 पौंड. नवशिक्यांना सूट म्हणून 33,400. पण ही सूट चार वर्षांपुरती, आणि ग्रॅज्युएट व्हिसावर काढलेला काळ त्या चारांतूनच वजा होतो. म्हणजे कसाबसा स्पॉन्सर मिळालेल्या पोराचा पगार दोन-अडीच वर्षांत 41,700 वर गेला नाही तर पुढचा रस्ता बंद. किमान वेतनाने आठवड्याला चाळीस तास राबणाऱ्याला तिथे वर्षाला 25 हजार पौंडांच्या आसपास मिळतात. मधली दरी कोण भरणार? फर्ग्युसन रस्त्यावरची ती मुलगी?

बरे, नोकरी शोधायला वेळ तरी मिळतो का? एका वर्षाच्या पदवीची खरी मेख इथे आहे. मोठ्या ब्रिटिश कंपन्या पुढच्या वर्षीच्या पदवीधरांची भरती सप्टेंबर-ऑक्टोबरात उघडतात आणि बऱ्याचजणी नाताळाच्या आत बंद करतात. आपला पोरगा त्याच सप्टेंबरात बॅगा घेऊन उतरलेला असतो. त्याला अजून बँकेत खाते उघडता आलेले नसते, खोली मिळालेली नसते, सीव्हीत तिथला एक शब्द नसतो. तो भानावर येतो तेव्हा दारे मिटलेली. मग सत्रात कामाला आठवड्याला वीस तासांची मर्यादा. उन्हाळ्यात तरी पूर्णवेळ राबू म्हणेल तर मास्टर्सवाल्याला उन्हाळ्याची सुटी नसतेच, प्रबंधाचा काळ सत्रातच धरतात. म्हणजे रात्री गोदामात खोकी भरायची आणि दिवसा वर्गात पेंगायचे. खोकी भरणे हलके काम आहे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. पण खोकी भरायला एमएससी लागत नाही, आणि तिचे तीस लाखही लागत नाहीत.

तीस लाख! हा आकडा बँका इतक्या लीलया मंजूर करतात की जणू तो त्यांच्या खिशातून जाणारच नाही. जात नाहीच, बापाच्या फ्लॅटमधून नाहीतर शेतातून जातो. 12 टक्क्यांनी तीस लाखांचे व्याज महिन्याला तीस हजार होते. अभ्यासाच्या आणि सवलतीच्या दीड वर्षात ते साचून 5 लाख 40 हजार होतात, तेव्हा कुठे हप्ता सुरू होतो. नुसत्या मुदलाचा दहा वर्षांचा हप्ता 43 हजार रुपये. तो मेकॅनिकलचा पोरगा परत आला तर इथे त्याला पंचवीस-तीस हजारांची नोकरी. म्हणून तो परत येत नाही, येऊच शकत नाही. व्हिसाची मुदत भरत आली की याच हतबलतेवर दुसऱ्या दलालांची टोळी उभी असते. ती ‘सीओएस’ विकते, म्हणजे मालकाच्या स्पॉन्सरशिपचा कागद. विकणे बेकायदा, विकत घेणे त्याहून धोक्याचे, तरी सौदे लाखालाखांनी झाले, आणि मालकाचा परवाना रद्द झाला की कागदासह माणूस रस्त्यावर आला. कर्ज देताना पोराच्या कोर्सची किंमत न तपासता सातबारा तपासणाऱ्या बँकांना शिक्षणकर्ज हा शब्द वापरायचा अधिकार काय? सरळ गहाणखत म्हणा!

आणि ब्रिटनच्या त्या साळसूद सरकारांविषयी काय बोलावे? अभ्यासोत्तर कामाचा व्हिसा 2012 मध्ये यांनीच बंद केला. विद्यापीठांच्या तिजोऱ्या आटल्या तेव्हा 2019 मध्ये तो परत आणण्याची घोषणा यांनीच केली, आणि 2030 पर्यंत सहा लाख परदेशी विद्यार्थी आणू म्हणून छाती ठोकली. जुलै 2021 मध्ये दार उघडले. सहा लाखांचे लक्ष्य जवळपास दशकभर आधीच गाठले गेले, ग्रॅज्युएट व्हिसा घेणाऱ्यांत दहांतले चार आणि वर भारतीय. इंग्लंडच्या विद्यापीठांना घरच्या पोरांकडून 2017 पासून 9,250 पौंडांवर गोठलेली फी घ्यावी लागत होती. ती तूट आमच्या पोरांकडून दुपटीने वसूल झाली. तोवर सगळे गोड. मतपेटीत ‘स्थलांतरित’ हा शब्द कडू लागताच जानेवारी 2024 पासून मास्टर्सवाल्यांना नवरा-बायको आणायला बंदी. त्याआधी ‘बायकोला शिकायला पाठवा, नवरा कामाला जाईल’ असे जोडप्यांचे पॅकेज आपल्याकडे खुशाल विकले गेले होते, ते एका फटक्यात रद्दी झाले. पुढे पगाराची अट चढली, मग व्हिसाची मुदत उतरली. 2028 पासून परदेशी विद्यार्थ्यांमागे इंग्लंडच्या विद्यापीठांवर माणशी 925 पौंडांची पट्टी बसणार, आणि ती शेवटी कोणाच्या फीत मिसळणार हे सांगायला अर्थशास्त्री नको. दार उघडायचेही यांनी, पाय आत पडला की आपटायचेही यांनीच. ब्रिटनला आपले नियम बदलण्याचा हक्क आहे, पूर्ण आहे. पण फी घेताना एक नियम आणि फी जिरल्यावर दुसरा, याला राज्यकारभार म्हणत नाहीत, दुकानदारी म्हणतात. मे 2024 मध्ये त्यांच्याच स्थलांतर सल्लागार समितीने सांगितले की ग्रॅज्युएट व्हिसात सर्रास गैरवापर दिसत नाही, दलालांची मात्र सक्तीने नोंदणी करा. सरकारने व्हिसा कापला. दलाल शाबूत!

‘ब्रिटन नाही तर कॅनडा’ म्हणणाऱ्यांनी तिकडे एकदा पाहून यावे. 13 फेब्रुवारी 2021 रोजी कॅनडाने निवडीच्या क्रमवारीतल्या अवघ्या 75 गुणांवर 27,332 जणांना पीआरचे आमंत्रण धाडले, आणि त्या एका दिवसाच्या भांडवलावर आपल्या दलालांनी चार वर्षे दुकान चालवले. त्यानंतर तोच उंबरठा पाचशेच्या वर गेला, नोकरीच्या ऑफरचे गुण मार्च 2025 मध्ये काढून टाकले, आणि वर्षाला पाच लाखांची पीआर-योजना 3 लाख 95 हजारांवर आणली. ऑगस्ट 2025 मध्ये भारतीयांचे स्टडी परमिटचे चारांपैकी जवळपास तीन अर्ज फेटाळले गेले.

आमच्यावर एक आरोप येणार हे आम्ही जाणतो. ‘तुम्हाला गरिबाच्या पोराने बाहेर जाऊन राहिलेले बघवत नाही.’ साफ खोटे! ज्याला जायचे त्याने जावे, राहायचे त्याने राहावे. पोटासाठी आणि मानासाठी माणसे कायम हलत आली आहेत. बाबासाहेब 1913 मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियात गेले ते दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याच्या करारावर सही करून. काय मिळणार आणि काय द्यावे लागणार हे कागदावर लख्ख होते. त्याच बडोद्याने 1917 मध्ये त्यांना राहायला खोलीही मिळू दिली नाही, हे आपले पाप वेगळे. पण सौदा करताना त्यांना कोणी फसवले नव्हते. आमची तक्रार एवढीच आहे: जायचे असेल तर खरा भाव कळून जाऊ द्या. नर्सिंग, डेटा, संशोधन यांत पक्की तयारी करून, नाव मिळवलेल्या खात्यात प्रवेश घेऊन गेलेली मुले तिथे टिकली आहेत. ‘कुठलाही कोर्स, कुठलेही शहर, जानेवारी इंटेक’ या वाटेने गेलेल्यांच्या खोल्यांत सहा-सहा जण दाटीने राहतात आणि व्हिडिओ कॉलवर फक्त बिग बेन दाखवतात.

घरच्यांनीही जरा आरसा पाहावा. ‘मुलगा यूकेत असतो’ हे वाक्य लग्नाच्या बैठकीत फेकता यावे म्हणून किती बापांनी गुंठे विकले? पोरगा काय शिकतो असे विचारले तर कोर्सचे नावही धड सांगता येत नाही आणि पौंडाचा भाव मात्र तोंडपाठ.

आणि आपले सरकार? आखातात गवंडी पाठवणाऱ्या दलालाला 1983 च्या स्थलांतर कायद्याखाली नोंदणी करावी लागते, अनामत ठेवावी लागते. तीस लाखांच्या कर्जावर पोरे पाठवणाऱ्याला त्या कायद्याची झळही लागत नाही, कारण तो ‘नोकरी’ देत नाही, ‘शिक्षण’ देतो! पंजाबने होरपळून 2012 मध्ये अशा एजंटांसाठी स्वतंत्र कायदा केला. त्याने सगळे थांबले नाही, पण निदान पोलिसांना कलम सापडते. महाराष्ट्र शासनाला होरपळण्याची वाट पाहायची आहे काय? आमचे मंत्री शिक्षणमेळ्यांच्या फिती कापायला जातात, त्याच स्टॉलमागे काय विकले जाते ते त्यांना दिसत नाही?

येत्या अधिवेशनात कायदा आणा. प्रत्येक कन्सल्टन्सीची नोंदणी आणि अनामत सक्तीची करा. कोणत्या विद्यापीठाकडून किती टक्के दलाली मिळते ते दारावरच्या फलकावर, मराठीत, रुपयांत लिहायला लावा. ज्या कागदावर ‘पीआर’ हा शब्द छापला असेल त्याखाली व्हिसाचा त्या दिवशीचा नियम, पगाराची अट आणि मुदत छापणे बंधनकारक करा, आणि तो कागद पोराच्या हाती नव्हे, जामीन राहणाऱ्या बापाच्या हाती सहीनिशी द्यायला लावा. बँकांनी त्या सहीची प्रत पाहिल्याशिवाय कर्जाचा पहिला हप्ता सोडू नये. आणि सप्टेंबरच्या इंटेकचे पैसे उन्हाळ्यातच भरले जातात, तेव्हा हे पावसाळी अधिवेशनावर ढकलू नका.