श्रद्धेला नकाशातून सूट कशाला?

धर्मसंस्था आणि नगरपालिका यांचा तंटा कानावर आला की आमच्या स्टाफरूममध्ये दोन तट पडायला वेळ लागत नाही. एक म्हणतो, श्रद्धेची गळचेपी चालली आहे. दुसरा म्हणतो, धर्माची दांडगाई चालली आहे. तंटा नेमका कोणत्या जागेचा, आराखड्यात ती कशासाठी राखलेली, हे पाहण्याची तसदी दोघेही घेत नाहीत. आमचा आक्षेप या आळसावर आहे. उदाहरण आम्ही मुद्दाम दूरचे, अमेरिकेतले घेतो. जवळच्या उदाहरणात आपापले देव आड येतात.

टेक्सास राज्यात सान अंतोनिओजवळ बर्नी नावाचे लहानसे शहर आहे. जर्मन स्थलांतरितांनी वसवलेल्या या वस्तीला लुडविग ब्योर्ने या जर्मन समीक्षकाचे नाव मिळाले. ज्याच्यावर हाइनेने १८४० साली एक अख्खे कडवट पुस्तक लिहिले, तोच हा ब्योर्ने. या शहरात १९२३ साली बांधलेले सेंट पीटर हे कॅथलिक चर्च आहे. त्यात सुमारे २३० माणसे मावत आणि रविवारच्या काही मिस्सांना ४० ते ६० जणांना जागा मिळत नसे. म्हणून विस्ताराचे ठरले. परंतु दर्शनी भाग ऐतिहासिक क्षेत्रात मोडतो, या कारणावरून शहराने बांधकामाची परवानगी नाकारली. आर्चबिशप न्यायालयात गेले. त्यांच्या हाती १९९३ चा नवा संघीय कायदा होता. अत्यंत सबळ शासकीय कारण असल्याखेरीज धर्माचरणावर मोठा भार टाकता येणार नाही, असे तो कायदा सांगत होता.

१९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी निकाल दिला: राज्यांवर असा कायदा लादणे काँग्रेसच्या अधिकाराबाहेरचे आहे. बहुमताचा युक्तिवाद अधिकारकक्षेचा होता. आम्हाला मोलाचे वाटते ते न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांचे छोटेसे सहमतीपत्र. त्यांचा मुद्दा साधा होता. तीच टेकडीवरची वास्तू एखाद्या नास्तिकाच्या मालकीचे संग्रहालय किंवा कलादालन असती, तर तिला ही सूट मागता आली नसती. जे हत्यार श्रद्धावंताला मिळते आणि नास्तिकाला मिळत नाही, ते सरकारने धर्माला दिलेले झुकते माप ठरते.

साहित्याच्या शिक्षकांनी हा मुद्दा आपल्या अंगाला लावून पाहावा. चर्चला माणसे जमवायला जागा हवी. वाचनालयाला, हौशी नाटकमंडळीला, व्याख्यानमालेलाही तीच हवी. मग यांपैकी एकालाच आराखड्यातून सूट का? श्रद्धेचा भार तेवढा खरा आणि ग्रंथाचा भार हलका, हे कोणी ठरवले?

यावर एक सबळ उत्तर आहे आणि ते टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. वाहनतळ, रहदारी, गोंगाट अशी निरागस कारणे पुढे करून नको असलेल्या पंथाला हुसकता येते. मशिदींच्या वाट्याला हा अनुभव अमेरिकेत वारंवार आला आहे. २००० साली काँग्रेसने भूवापराविषयी नवा कायदा केला, त्यामागे ही चिंता होती. या कायद्यातील भेदभावबंदीच्या कलमाला आमचा मनःपूर्वक पाठिंबा आहे. आमचा विरोध त्याच्या शेजारी बसवलेल्या ‘मोठा भार’ या कलमाला आहे. भेदभाव करू नका, ही मागणी नागरिकाची असते. इतरांना लागू असलेला नियम आम्हाला लावू नका, ही मागणी मानकऱ्याची असते. दोन्हींना ‘धर्मस्वातंत्र्य’ हे एकच नाव देणे हा भाषेचा गैरवापर आहे, आणि शब्दांवर पोट असलेल्यांनी तो निमूटपणे चालू देऊ नये.

नगरपालिका मात्र निर्दोष आहेत, असे आम्ही म्हणत नाही. ओहायोतील अप्पर आर्लिंग्टन येथे ट्री ऑफ लाइफ या ख्रिस्ती शाळेने २०१० साली एक मोठी रिकामी कार्यालयीन इमारत घेतली. तो भाग कार्यालयांसाठी राखलेला होता. शाळेला तेथे मज्जाव होता, पाळणाघराला मात्र सुरुवातीस मुभा होती. शहराचे खरे म्हणणे एवढेच होते की तेथे कर देणारे कार्यालय यावे. २०१८ मध्ये अपील न्यायालयाने शहराच्या बाजूने कौल दिला आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला. शाळेने नियम ठाऊक असताना इमारत घेतली, म्हणून तिच्या पराभवाचे आम्हाला दुःख नाही. दुःख आहे ते निकषाचे. जमिनीची किंमत केवळ महसुलात मोजली, तर शाळा हरेल, वाचनालय हरेल आणि नाट्यगृहही हरेल. शाळेची लढाई खरे तर या सर्वांच्या सोबतीने व्हायला हवी होती. धर्माच्या कलमाचा आधार घेतल्यामुळे ती एकटीची झाली.

याउलट वागणूक मराठी वाचकाला परिचित आहे. वसईचा हिरवा पट्टा बांधकामांसाठी खुला होऊ लागला तेव्हा हरित वसईच्या आंदोलनात अग्रभागी उभे राहिले ते फादर फ्रान्सिस दिब्रिटो, कॅथलिक धर्मगुरू आणि पुढे २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. चर्चला सूट द्या, अशी मागणी घेऊन ते उभे राहिले नव्हते. विहिरी, वाड्या आणि शेती राखणारे निर्बंध सर्वांसाठी टिकावेत, असे म्हणत ते उभे होते. श्रद्धा नागरिकाच्या पायांवर उभी राहते ती अशी.

आणि बर्नीचे काय झाले? न्यायालयात जिंकल्यावर शहर आणि चर्च एकत्र बसले. जुन्या वास्तूचा बहुतांश भाग राखायचा आणि विस्तार मागच्या बाजूने करायचा, अशी तडजोड झाली. उभ्या राहणाऱ्या त्या ४०-६० माणसांच्या जागेचा प्रश्न सुटला तो नकाशा मध्ये ठेवून. तो पहिल्याच दिवशी मध्ये ठेवता आला असता.

आपल्याकडेही शहराचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध होतो आणि हरकती-सूचना मागवल्या जातात. त्यात वाचनालयासाठी, शाळेसाठी, मैदानासाठी भूखंड आरक्षित असतात आणि ती आरक्षणे गुपचूप बदलतातही. स्टाफरूममध्ये धर्मस्वातंत्र्यावर तावातावाने बोलणाऱ्या आम्हा मंडळींपैकी कितीजणांनी आजवर अशी एक तरी हरकत नोंदवली आहे?